काळ्या लोकरीचं गंगावन

केस या वस्तूची मला किळस आहे. पार्लर चालवून पोट भरणाऱ्या बाईनं असं म्हणू नये, पण खरं ते खरं. डोक्यावर असेपर्यंत केस म्हणजे रूप, आणि तोच केस ताटात निघाला की माणूस ताट सरकवतो. मी तर दिवसभर लोकांच्या डोक्यांत हात घालते. तेलानं थापलेली टाळू, कोंडा, आठवडाभर न धुतलेल्या केसांचा आंबूस वास, मोरीच्या जाळीत अडकलेला ओला गुंता. तो गुंता मी आजही डाव्या हातानं, तोंड फिरवून काढते.

पण सगळ्यांत जास्त किळस मला एकदा माझ्याच हातांची आली. ती कशी, हे सांगायचं तर आधी माझ्या केसांचं सांगावं लागेल.

माझे केस बारीक आणि चपटे. लहानपणी कुणी पाहुणी कौतुकानं ‘रेशमासारखे’ म्हणायची, पण ते म्हणणं एकदाच, कारण दुसऱ्यांदा बघायला काही नसायचं. ते टाळूला चिकटून बसत. वेणी घातली की उंदराची शेपटी. गावातल्या बायका हे माझ्या तोंडावर म्हणायच्या आणि वर हसायच्या. आमचं गाव पैठण रस्त्यावर, चितेगावच्या पुढं जाऊन आत. घरात पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं. आईचे स्वतःचे केस दाट, मनगटाएवढा अंबाडा, आणि पोटच्या पोरीला हे असलं, याचं तिला फार लागायचं. त्यावर तिचा एकच इलाज होता, तेल. केस जितके गरीब तितकं तेल जास्त, हा तिचा न्याय. कोरडं डोकं दिसलं की या घरात कुणी गेलंय का, असं लोकांना वाटेल म्हणायची. रोज सकाळी ती माझ्या डोक्यावर तळहातभर तेल थापायची, आणि केस होते त्याहून निम्मे दिसायचे. बारीक केसांना तेल म्हणजे वैरी, हे मला फार पुढं, पगार घेऊन शिकायला मिळालं. तेव्हा मी नुसती चिडचिड करत बसायचे, आणि मानेवरून ओघळणारं तेल ओढणीला पुसायचे.

माझं एकोणिसावं चालू होतं त्या वर्षी लागोपाठ दुसरा पावसाळा कोरडा गेला. धरणातलं पाणी शहराकडं नेणारा मोठा पाइप आमच्या शिवाराच्या कडेनं जायचा. त्याला कान लावला की पाण्याचा आवाज यायचा. पाणी मात्र आमचं नाही. एका ठिकाणी थोडी गळती होती, तिथं बायका रांगेत बसून वाटीवाटीनं हंडे भरायच्या. आई सकाळी जायची ती ऊन चढल्यावर दोन हंडे घेऊन यायची. त्यात पिणं, रांधणं, म्हातारं मेंढरू असेल तर त्याला पाजणं. डोकं धुणं महिन्यातून एकदा. त्या दिवसांत माझ्या डोक्याला जो वास यायचा त्याची आठवण आली तरी मला मळमळतं.

अशात माझ्यासाठी एक स्थळ आलं. मुलगा वाळूजला कारखान्यात होता, नुकताच कायम झालेला. घर आमच्याच समाजातलं. त्याच्या आजोबांचा कळप होता, बापानं तो मोडला आणि शहरालगत दोन खोल्या बांधल्या. सगळं जुळत होतं. अडचण एकच. आमच्याकडं मुलगी बघायला आले की मुलाकडची एखादी बाई मुलीला आत नेते, चालायला लावते आणि केस सोडून बघते. वेणी हातात धरून तोलते. बाजारात शेपूची जुडी बघावी तसं. किळसवाणी रीत आहे, पण तेव्हा मला ती रीत किळसवाणी वाटत नव्हती, माझे केसच वाटत होते.

आईनं मनावर घेतलं. शहागंजात गंगावनं मिळतात असं तिला कुणी सांगितलं, म्हणजे वेणीत मिसळायचे खोटे केस. ती जीप पकडून शहरात गेली आणि हात हलवत परत आली. दुकानात दोरीला केस टांगलेले बघून तिला ओकारी आली म्हणे.

“कुणाच्या डोस्क्याचं, कुणाच्या मढ्याचं, काय ठावं!” ती म्हणाली. “माझ्या लेकराच्या मानंवर ते लोंबू द्यायचं व्हय? त्यापरीस आपल्या घरचं काय वाईट हाय?”

घरचं म्हणजे लोकर.

आमच्या कळपात त्या वर्षी एक काळंभोर कोकरू होतं. कोकराच्या पहिल्या लोकरीला आम्ही जावळच म्हणतो, माणसाच्या लेकरासारखं. ती सगळ्यात मऊ असते. आईनं ती वडिलांकडून कातरून घेतली. कोकराला पायांत धरून ती त्याच्याशी बोलत होती, एवढंसं तर राहिलंय, झालं बाबा. कातरून सोडल्यावर ते हलकं होऊन उड्या मारत त्याच्या मेंढीकडं पळालं. मग आईनं लोकर पिंजली, टकळीवर बारीक सूत काढलं, त्या सुताचे पेड वळले, टोकाला काळा गोफ लावला. दहा दिवस ती हेच करत होती. झालं तेव्हा ते हुबेहूब केसांसारखं होतं. माझ्या केसांत घालून तिनं वेणी घातली आणि मला आरसा दिला. मी मान इकडं वळव, तिकडं वळव करत राहिले. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या पाठीवर काहीतरी वजनाचं होतं.

फक्त एक चूक झाली, आणि ती आमच्यासारख्यांच्याच हातून होण्यासारखी होती. मेंढरं कातरण्याआधी नदीच्या डोहात घालून चोळून धुतात. लोकरीत मेंढराच्या अंगाची चरबी मुरलेली असते, ती पाण्याशिवाय जात नाही. त्या वर्षी डोहात चिखलसुद्धा नव्हता. आईनं लोकर राखेत घोळून झटकली आणि उन्हात टाकली. वास राहिला असणार. पण आम्ही जन्मभर त्या वासात झोपलेली माणसं. आम्हाला तो आलाच नाही.

पाहुणे आले त्या दिवशी पत्र्याखाली भट्टीसारखं तापलं होतं. मला घाम फुटला, मानेवरून पाठीत उतरला. मुलाची आत्या मला आतल्या खोलीत घेऊन आली. हातभर बांगड्या, तोंडाला पावडर. चालायला लावून झालं, मग तिनं माझी वेणी हातात घेतली आणि थांबली. नाकाशी नेली. गोफ सोडला, एक हिसका दिला आणि ते गंगावन सगळंच्या सगळं तिच्या हातात आलं.

“आगं बया!” ती किंचाळली आणि तिनं ते जमिनीवर टाकलं, मेलेला उंदीर टाकावा तसं. “मेंढराचं हाय हे! शी! हाताला वास लागला माझ्या!”

बाहेर बसलेल्यांपर्यंत ऐकू गेलं. ती दोन्ही हात साडीपासून लांब धरून अंगणात आली आणि म्हणाली, “पाणी द्या जरा. साबण द्या.”

आईनं हंडा बाहेर आणला. सकाळी रांगेत बसून भरलेला. तिनं तांब्या बुडवला आणि त्या बाईच्या हातांवर पाणी धरलं. बाईनं साबण लावला, हात धुतले, हुंगले, म्हणाली अजून येतोय. परत साबण. परत पाणी. तीनदा. हंडा निम्म्यावर आला. पाणी अंगणातल्या धुळीत गेलं आणि तिथंच जिरलं. जिच्या सासऱ्या-बापाच्या अंगाला जन्मभर हाच वास होता, ती बाई आमच्या पिण्याच्या पाण्यानं तो वास धूत होती, आणि माझी आई वाकून तिच्या हातावर पाणी घालत होती. मी दारातून बघत होते. माझे सुटलेले चार केस घामानं गालाला चिकटले होते. मला त्या बाईची जी किळस आली तिला तोड नाही. आजही ती रस्त्यात दिसली तर मी पलीकडच्या बाजूनं जाईन.

स्थळ गेलं. ते जाऊ दे. संध्याकाळी आईनं गंगावन उचललं, माती झटकली आणि म्हणाली, “धुवायाला पाणी असतं तर वास आला नसता बघ.” एवढंच. तिला स्वतःचीच चूक वाटत होती. मी त्या दिवशी मनाशी पक्कं केलं की माझं लग्न होवो न होवो, पण माझ्या आईवर पुन्हा कुणाच्या हातावर असं पाणी घालायची वेळ मी येऊ देणार नाही.

पुढं मी शहरात आले. एका पार्लरमध्ये झाडू मारायला लागले, मग टॉवेल धुवायला, मग डोकी धुवायला. हाताला कसब आलं. लग्नही झालं, टक्कल पडलेल्या माणसाशी, त्यामुळं केसांचा विषयच निघाला नाही. गारखेड्याला मी दोन खुर्च्यांचं माझं पार्लर टाकलं. तेव्हा समोर ज्वारी होती. बघता बघता ज्वारीच्या जागी बिल्डिंगा आल्या, आणि त्या बिल्डिंगांत शेंद्र्याच्या कारखान्यांतल्या साहेबांच्या बायका आल्या. पुण्याच्या, नागपूरच्या, इंदूरच्या. पाण्याची बोंब इथंही होतीच, नळ आठ-दहा दिवसांआड. बोअरच्या जड पाण्यानं त्यांचे केस गळायचे आणि सगळ्यांना एकच हवं असायचं, व्हॉल्यूम.

व्हॉल्यूम देण्यात माझा हात बसला तो रागानं. चपट्या केसांचं दुःख मला कुणी शिकवायला नको होतं. तेल बंद. कंडिशनर फक्त टोकांना, टाळूला लागला की संपलं. लांबीचा हट्ट सोडून खांद्यापर्यंत सरळ कापायचे, म्हणजे खालची कड भरदार दिसते. डोकं खाली लोंबतं ठेवून मुळापासून वाळवायचे. भांग रोजचा मोडून दुसरीकडं पाडायचा. मुळांशी चिमूटभर पावडर. आईनं केलं त्याच्या नेमकं उलट करत गेले की केस उभे राहायचे. माझेही राहिले.

याच दिवसांत इंदूरकडच्या एक मॅडम माझ्याकडं यायला लागल्या. बारीक केस, माझ्यासारखेच. त्या गल्लीतल्या कुत्र्यांना दूध-पोळी घालायच्या. एकदा त्यांनी माझ्या हातातली शाम्पूची बाटली काढून घेतली आणि हे असले शाम्पू आधी सशांच्या डोळ्यांत घालून बघतात, असं सांगितलं. मला वाटलं थट्टा करतात. त्यांनी मोबाइलवर फोटो दाखवला. मेंढरं पाळणाऱ्या घरातली मी. आम्ही बोकड कापतो, मेंढरू विकतो, मला काही नवल नाही. पण फेस यावा म्हणून जनावराला जखडून त्याच्या डोळ्यांत औषध घालायचं, हे कुठल्या डोक्यातून निघालं असेल! त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. होता तेवढा माल मी संपवला आणि नंतर क्रुएल्टी-फ्रीच मागवायला लागले. बाटलीवर उडी मारणारा ससा काढलेला. बाहेर पाटी लावली: ‘मुक्या जिवाला न दुखवता केस दाट.’ मॅडमनी त्यांच्या मैत्रिणी आणल्या. मला मोठा अभिमान वाटायचा.

आई अधूनमधून यायची. वडील गेले होते, कळप दहा-बारा मेंढरांवर आला होता. एकदा तिनं ती बाटली हातात घेऊन विचारलं, “हे काय? सशाचं तेल हाय का?”

मी समजावून सांगितलं. कुठल्याही जनावराला त्रास न देता केलेलं.

“मंग आपली लोकर बी तसलीच की,” ती म्हणाली. “कातरताना कुठं दुखतंय मेंढराला? उलट उन्हाळ्यात हलकं वाटतंय त्याला. आन् माणसं केसात भर घालाया तुझ्याकडं येत्यात म्हनतीस.”

मी हसले. तिनं बाटली जागेवर ठेवली. ती काय मनात घेऊन गेली, हे मला तेव्हा कळलं नाही.

मग परत एक कोरडं वर्ष आलं. गावात टँकर सुरू झाला. एका सकाळी मॅडम खुर्चीत बसल्या होत्या, मी त्यांच्या केसांना मुळाशी फेस लावत होते, आणि आई दारात आली. नऊवारी, पायात टायरची चप्पल, डोक्यावर गाठोडं. तिनं गाठोडं खाली ठेवून सोडलं. आत काळ्या लोकरीची पाच-सहा गंगावनं होती, बारीक सुताची, एकसारखी, टोकाला गोफ. त्यातलं एक तिनं माझ्या हातात दिलं. तिच्या तोंडावर असं हसू होतं जसं मी लहानपणापासून पाहिलं नव्हतं.

मॅडमनी आरशातून बघितलं. गाठोडं बघितलं, लुगडं बघितलं, आणि नाकाला रुमाल लावला.

“ताई, ये कैसी बास आ रही है? जानवर जैसी.”

मी काय करायला हवं होतं ते मला आज पाठ आहे. ही माझी आई, हे तिनं स्वतः केलंय, आणि तुमच्या बाटलीवरच्या सशापेक्षा हे कोकरू जास्त सुखात होतं, असं म्हणायला हवं होतं. मी ते गंगावन दोन बोटांत धरलं आणि टेबलाच्या कडेला टाकलं.

“गावाकडनं लोक काहीबाही घेऊन येतात, मॅडम,” मी म्हणाले. “थांबा, हात धुऊन घेते.”

नळाला पाणी नव्हतं, बादली भरलेली होती. मी साबण घेतला आणि बेसिनवर हात धरले. पाणी आपोआप हातावर पडलं तेव्हा मी वर बघितलं. आईनं बादलीतला मग भरून धरला होता. मी फेस केला, तिनं पाणी घातलं. मॅडम आरशातून बघत होत्या म्हणून मी परत साबण लावला. तिनं परत घातलं. तिसऱ्यांदाही. एक थेंब बाहेर सांडू न देता, वाकून, तशीच.

मग तिनं गाठोडं बांधलं, डोक्यावर घेतलं आणि मला म्हणाली, “येते, बाई.”

पोरी नाही म्हणाली. बाई म्हणाली. मी लोक म्हटलं होतं, तर तिनंही तेच निभावून नेलं, गिऱ्हाइकापुढं माझी पंचाईत नको म्हणून. आणि मी तिला जाऊ दिलं. मॅडमचे केस वाळवले, डोकं खाली करून, मुळापासून. फार छान फुलले. त्या खूश होऊन गेल्या.

दुपारी झाडताना टेबलामागं ते एक गंगावन पडलेलं सापडलं. मी ते नाकाशी नेलं. नुसता रिठ्याचा वास होता. मेंढराचा नावालाही नाही. म्हणजे तिनं या वेळी लोकर धुतली होती, टँकरच्या पाण्यानं, किती पाण्यांतून काढली असेल कोण जाणे. मॅडमना वास नाकानं आलाच नव्हता, लुगडं बघून आला होता. आणि मला? मला तर आलाच नव्हता, तरी मी हात धुतले. मी तिथंच झाडू टाकून बसले. स्वतःच्या हातांकडं बघवत नव्हतं. त्यांना महागड्या साबणाचा वास येत होता आणि मला त्या वासानं उमासे येत होते. वाळूजच्या स्थळाच्या त्या आत्याला मी किती वर्षं शिव्या दिल्या होत्या. तिनं निदान परक्याच्या घरात केलं होतं.

त्या रविवारी मी गावी गेले. पाया पडले, रडले. आईनं भाकरी वाढली आणि विषय काढू दिला नाही. “गिऱ्हाईक म्हंजी गिऱ्हाईक. धंद्यात असं चालायचंच,” म्हणाली. माझं मन हलकं झालं आणि मी निर्लज्जासारखी जेवून परत आले.

दोन महिन्यांनी ती पुन्हा शहरात आली. मी काचेतून बघितलं तर आई पायरीवर थांबलेली. पिशवीतून तिनं प्लास्टिकची बाटली काढली, गावाकडनं भरून आणलेली. पायरीच्या कडेला बसून तिनं साबणाच्या तुकड्यानं हात घासले, कोपरापर्यंत, आणि थोड्या थोड्या पाण्यानं धुतले. पदराला पुसले. मी दार उघडलं.

“पाणी घरनं आणलंय,” ती म्हणाली. “तुझं कशाला सांडू.” आणि दोन्ही हात माझ्या तोंडापुढं धरून तिनं विचारलं, “बघ गं, येतोय का वास? का थांबू भाईर?”

आत खुर्चीवर एक गिऱ्हाईक बसलेलं होतं. मी आईचे हात धरून तिला सरळ आत आणायला हवं होतं. पण मी काय केलं ते लिहून ठेवते. मी आधी तिचे हात हुंगले, आणि मग तिला आत घेतलं.